मॅट्रिक्सचा गुणाकार आणि कोळशाची रेक

या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जे आकडे भरभर निघून गेले ते इथे सावकाश मांडलेत, आणि दोन-तीन ठिकाणी थोडी भर घातली आहे.

आजचा विषय आहे मॅट्रिक्सचा गुणाकार. अकरावी-बारावीत आपण सगळ्यांनी केलाय. आडवी ओळ, उभा स्तंभ, गुणा, बेरीज करा, पुढे जा. परीक्षेत दोन-चार मार्क मिळाले की विषय संपला. पण कॉम्प्युटरवर हाच गुणाकार वेगाने करायला जगातल्या हुशार माणसांना तीस-चाळीस वर्षं लागली. त्या गोष्टीचे काही महत्त्वाचे तुकडे मुंबईत आणि पुण्यात घडलेत, आणि एक धागा थेट मी जिथून बोलतोय त्या एकलहऱ्यापर्यंत येतो.

एक छोटा प्रयोग

हजार ओळी आणि हजार स्तंभ असलेल्या दोन मॅट्रिक्स घ्या. पायथनमध्ये एकात एक तीन लूप लिहा आणि गुणाकार करा. प्रोग्रॅम चालू करून चहा टाका. चहा गाळेपर्यंत उत्तर आलं तर तुमचा लॅपटॉप चांगला आहे. आता तेच नमपायमध्ये एका ओळीत करा. एंटर दाबलंत की उत्तर समोर.

दोन्हीकडे काम तेवढंच आहे. उत्तराचे दहा लाख खाने, प्रत्येक खान्यासाठी हजार गुणाकार आणि जवळपास तेवढ्याच बेरजा. म्हणजे शंभर कोटी गुणाकार, शंभर कोटी बेरजा. एकूण दोनशे कोटी क्रिया. मग एवढा फरक कशाने पडतो?

थोडा दोष पायथनचा. तो प्रत्येक पायरीला थांबून विचार करतो. म्हणून तो बाजूला ठेवू आणि तेच तीन लूप सी भाषेत लिहू. आता काम सेकंदाच्या घरात येतं. पण नमपायच्या पोटात जी लायब्ररी आहे ती यापेक्षाही कितीतरी पट वेगाने पळते. तोच प्रोसेसर, तेच आकडे, तेवढाच हिशेब. ही दुसरी तफावत हा आजचा खरा विषय.

तिचं उत्तर एकलहऱ्यातल्या कुठल्याही माणसाला चटकन समजेल. भट्टी केवढी मोठी आहे हे नंतर बघा. कोळसा वेळेवर पोचतोय का, ते आधी विचारा.

लंडनच्या वकिलाचा गुणाकार

आधी हा विचित्र गुणाकार आला कुठून ते बघू. खान्याला खाना का नाही गुणायचा? ओळ आणि स्तंभ ही भानगड कशाला?

समजा तीन घरांची महिन्याच्या किराण्याची यादी आहे: तांदूळ, तेल, साखर, डाळ. तीन ओळी, चार स्तंभ. दुसऱ्या कागदावर दोन दुकानांचे भाव आहेत: त्याच चार जिनसा खाली खाली, आणि दुकानं शेजारी शेजारी. चार ओळी, दोन स्तंभ. पहिल्या घराची आडवी यादी घ्या, पहिल्या दुकानाचे उभे भाव घ्या, जिन्नस-जिन्नस गुणून बेरीज करा. ते झालं त्या घराचं त्या दुकानातलं बिल. सगळी बिलं काढली की तीन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता तयार. मधला आकडा, म्हणजे चार जिनसा, दोन्हीकडे जुळायलाच हवा. नाहीतर तेलाला साखरेचा भाव लागेल.

या गुणाकाराचे नियम आर्थर केली यांनी १८५८ साली एका दीर्घ निबंधात व्यवस्थित मांडले. केली तेव्हा लंडनमध्ये वकिली करत होते. चौदा वर्षं वकिली, आणि उरलेल्या वेळात गणित. त्यांनी दाखवलं की इथे ए गुणिले बी आणि बी गुणिले ए हे सहसा सारखं येत नाही. पण तीन मॅट्रिक्स असतील तर आधी पहिल्या दोन गुणा किंवा आधी शेवटच्या दोन गुणा, उत्तर तेच.

हा दुसरा नियम पुस्तकात एका ओळीत येतो आणि आपण पुढे जातो. पण त्यात पैसा आहे. ए आणि बी दोन्ही हजार बाय हजार, आणि शेवटी एक्स नावाचा हजार आकड्यांचा एकच स्तंभ. आधी ए आणि बी गुणलेत तर दोनशे कोटी क्रिया, वर एक्सच्या वीस लाख. आधी बी आणि एक्स गुणलेत तर वीस लाख, मग एशी गुणायला आणखी वीस लाख. चाळीस लाखांत काम संपलं. उत्तर तेच, कष्ट पाचशेपट कमी. आणि बहुतेक सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे जातं, तुमच्यासाठी कंस घालत नाही. कंस आपण घालायचा. आजच्या भागातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या.

मुंबईचं मशीन

आता मुंबईत येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने भारतातला स्वतः बांधलेला पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर उभा केला. १९५६ मध्ये छोटी चाचणी आवृत्ती, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं: टिफ्रॅक.

व्हॅक्यूम ट्यूब्जवर चालणारं हे मशीन. त्याची मुख्य मेमरी २,०४८ शब्दांची होती. इथे शब्द म्हणजे एक आकडा किंवा यंत्राला दिलेली सूचना मावेल एवढी जागा. आता हिशेब करा. दोन मॅट्रिक्स आणि तिसरं उत्तर, तिन्ही एकाच वेळी मेमरीत ठेवायचे असतील तर २५ बाय २५ च्या तीन मॅट्रिक्सना १,८७५ शब्द जातात. प्रोग्रॅमसाठी उरले १७३. त्याच्या पुढे गेलात की मॅट्रिक्सचे तुकडे करायचे, एक तुकडा आत आणायचा, काम उरकायचं, बाहेर काढायचा, दुसरा आणायचा.

हे तुकड्यांचं प्रकरण लक्षात ठेवा. त्या काळी ती मजबुरी होती. मोठी मेमरी आल्यावर लोकांना वाटलं, चला, सुटलो. पण पंचवीस-तीस वर्षांनी तेच तुकडे मागच्या दाराने परत आले.

एका ओळीची सोय

१९७०च्या दशकात अमेरिकेत अरगॉन प्रयोगशाळेच्या आसपासच्या मंडळींनी समीकरणं सोडवणाऱ्या फोरट्रान प्रोग्रॅम्सचा एक भरवशाचा संच तयार केला. त्याचं नाव लिनपॅक. त्याच सुमारास आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली. प्रत्येकजण तेच तेच छोटे लूप पुन्हा पुन्हा लिहितोय, तर त्यांची नावं आणि वापरायची पद्धत एकदा ठरवून टाकू, असं ठरलं. मग ज्याचं मशीन त्याने आपल्या मशीनसाठी ते लूप हवे तेवढे घासूनपुसून घ्यावेत. १९७९ मध्ये हा ठराव ब्लास या नावाने छापून आला.

लिनपॅकच्या लेखकांपैकी एक क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. विद्यार्थ्यांना लिनपॅक वापरता यावं, पण त्यासाठी फोरट्रान लिहावं लागू नये, म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम केला. त्याचं नाव मॅटलॅब, म्हणजे मॅट्रिक्सची प्रयोगशाळा. त्यात गुणाकाराची खूण टाकली की मॅट्रिक्सचाच गुणाकार व्हायचा. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली, आणि पुढे जगभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये तो पोचला. ऑक्टेव्ह आणि सायलॅब ही मोफत सॉफ्टवेअर त्याच वाटेने गेली. तिथे नुसती फुली म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि टिंब देऊन फुली म्हणजे खान्याला खाना.

नमपायने मात्र उलटं केलं. तिथे साधी फुली म्हणजे खान्याला खाना. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी पायथनला वेगळी खूण मिळायला २०१५ उजाडलं, तेव्हा ईमेलच्या पत्त्यातलं @ हे चिन्ह त्या कामाला लावलं गेलं. मॅटलॅबवरून पायथनवर जाणाऱ्यांनी इथे जपून. दोन्ही मॅट्रिक्स चौकोनी आणि सारख्या मापाच्या असतील तर चुकीची खूण टाकूनही एरर येत नाही. उत्तर येतं, नीटनेटकं दिसतं, आणि साफ चुकीचं असतं.

यार्ड, बंकर, मिल

आता मुद्द्यावर. एका ओळीमागे वेग कुठून येतो?

आमच्या एकलहऱ्याचं औष्णिक विद्युत केंद्र बाहेरच्यांना माहीत असतं ते चिमण्यांमुळे. आता २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ६३० मेगावॅट. माझे वडील इथल्या कोल हँडलिंग प्लँटमधून निवृत्त झाले. त्यामुळे घरात बॉयलरपेक्षा रेकच्या गप्पा जास्त. रेक आली का, किती वॅगन रिकाम्या झाल्या, टिपलर चालू आहे का. खाण आमच्याजवळ नाही. कोळसा कित्येकशे किलोमीटर रेल्वेने येतो. वॅगन टिपलरवर उलटी होते, कोळसा यार्डात पडतो, तिथून बेल्टवरून बंकरमध्ये, बंकरमधून मिलमध्ये, आणि तिथे पीठ होऊन भट्टीत. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लहान, पण भट्टीच्या जवळचा. यार्डात काही दिवसांचा साठा मावतो, बंकरमध्ये काही तासांचा.

कॉम्प्युटरही असाच बांधलेला असतो. डिस्क म्हणजे खाण. रॅम म्हणजे यार्ड. कॅश म्हणजे बंकर. आणि रजिस्टर म्हणजे भट्टीच्या तोंडाशी असलेला घास. प्रोसेसरला आकडा कॅशमध्ये मिळाला तर काही ठोक्यांत हातात येतो. रॅममध्ये जावं लागलं तर शंभराच्या आसपास किंवा जास्त ठोके वाट बघत बसावं लागतं. तेवढ्या वेळात त्याने शेकडो गुणाकार केले असते.

हजार बाय हजारची एक मॅट्रिक्स म्हणजे दहा लाख आकडे, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे ऐंशी लाख बाइट. आणि प्रोसेसरच्या अगदी जवळची कॅश बऱ्याच मशीनवर ३२ केबीची. यार्ड मोठं आहे, बंकर चिमुकला.

सी भाषेत मॅट्रिक्स ओळीने साठवली जाते. साध्या तीन लूपमध्ये आपण ए ओळीने वाचतो, ते ठीक. पण बी स्तंभाने वाचतो, म्हणजे प्रत्येक वेळी आठ हजार बाइटची उडी. आणि मेमरी एकेक आकडा सुटा देत नाही. ती ६४ बाइटचा गठ्ठा देते, म्हणजे आठ आकडे. आपण त्यातला एक वापरतो आणि पुढची उडी मारतो. बाकीचे सात वापरायची वेळ येईपर्यंत ते बहुतेक कॅशमधून बाहेर फेकले गेलेले असतात. एका टोपलीसाठी अख्खी वॅगन मागवायची आणि उरलेली परत पाठवायची, असा हा कारभार. फोरट्रान, मॅटलॅब आणि सायलॅब स्तंभाने साठवतात. तिथे तोटा दुसऱ्या बाजूला होतो, पण होतो.

उपाय टिफ्रॅकवाल्यांना ओळखीचा वाटला असता. मॅट्रिक्सचे तुकडे करा. ३२ बाय ३२ चा एक तुकडा ८ केबीचा. ए, बी आणि उत्तर, तिघांचा एकेक तुकडा मिळून २४ केबी. ३२ केबीच्या कॅशमध्ये आरामात बसतो. आत आणलेल्या २,०४८ आकड्यांवर आता ६५,५३६ क्रिया होतात, म्हणजे प्रत्येक आकड्यामागे ३२. साध्या पद्धतीत आणलेल्या आकड्यामागे जेमतेम एक क्रिया व्हायची. हजार हेलपाट्यांचे ३२ झाले. गुणाकार एकही कमी झाला नाही, फक्त वाहतूक कमी झाली.

मॅट्रिक्सच्या गुणाकाराला हे जमतं कारण त्यात माल कमी आणि काम जास्त आहे. आकडे एन वर्गाच्या हिशेबात, काम एन घनाच्या. एकच आकडा पुन्हा पुन्हा वापरता येतो. म्हणून १९९० मध्ये ब्लासचा तिसरा स्तर आला आणि मॅट्रिक्स-गुणिले-मॅट्रिक्स हीच मूळ क्रिया धरायची असं ठरलं. बाकीचे प्रोग्रॅम, समीकरणं सोडवणारेसुद्धा, या एका क्रियेवर उभे राहावेत अशी पुनर्रचना झाली. पुढे काझुशिगे गोतो यांनी प्रत्येक प्रोसेसरची नस ओळखून ही क्रिया हाताने असेंब्लीत लिहिली. त्यांच्या कामातून ओपनब्लास आली. आज तुम्ही नमपाय नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केलंत तर बहुधा तीच तुमच्यासाठी राबत असते. अनेक कोअर आणि एका दमात चार-आठ आकडे गुणणाऱ्या सूचना यांचाही वेगात मोठा वाटा आहे. पण त्यांनाही वेळेवर माल पोचला तरच.

मध्ये एक वेगळा रस्ताही सापडला होता. १९६९ मध्ये फोल्कर श्ट्रासेन यांनी दाखवलं की दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सना आठ गुणाकार लागत नाहीत, सात पुरतात. गणितात ही मोठीच बातमी. तरी रोजच्या लायब्ररीत ती पद्धत क्वचित दिसते, कारण वाचवलेल्या गुणाकाराच्या बदल्यात बेरजा आणि ने-आण वाढते, आणि महाग तर तीच आहे.

पुण्यातली दोन यंत्रं

१९८०च्या दशकात भारताला क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीला एक मिळाला, तोही कडक अटींवर. त्याहून ताकदवान यंत्राला अमेरिकेने परवानगी दिली नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि धुरा अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांकडे आली. तीन वर्षं, तीसेक कोटी रुपये, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार.

परममध्ये क्रेसारखा एक महाबली प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिप्स होत्या, प्रत्येकीला स्वतःची मेमरी. त्या चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे असत. आता मॅट्रिक्सचे तुकडे अशा चिप्सच्या जाळ्यावर पसरून ठेवले, तर १९६९ मधली लिन कॅनन यांची रीत इथे चपखल बसते. प्रत्येकजण आपल्याकडचे दोन तुकडे गुणतो, मग एचा तुकडा डावीकडच्याला देतो, बीचा वरच्याला, आणि उजवीकडून व खालून नवे घेतो. डावा, उजवा, वरचा, खालचा: चार शेजारी, चार दुवे. पुन्हा तेच, गुणाकारापेक्षा देवाणघेवाणीची आखणी मोठी.

दुसरं यंत्र एका. पुण्यातच, टाटांच्या सीआरएलमध्ये. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत एका चौथं आलं, आशियात पहिलं. मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. ही यादी ज्या चाचणीवर ठरते ती लिनपॅकचीच वंशज: एक अवाढव्य समीकरणसंच सोडवायचा. आणि त्यातला बहुतेक वेळ जातो मॅट्रिक्सच्या गुणाकारात. एकाची कागदावरची क्षमता होती सुमारे १७० टेराफ्लॉप्स. म्हणजे साधारण सत्तर टक्के हाती लागले. तेव्हाच्या हिशेबाने ते चांगलंच होतं, पण उरलेले तीस टक्के मुख्यतः वाट बघण्यात गेले.

करमरकरांची पायरी

सीआरएलच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे नरेंद्र करमरकरही होते. मराठी घरातला, ग्वाल्हेरात जन्मलेला, आयआयटी मुंबईतून बीटेक झालेला हा माणूस १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये काम करत होता. त्या वर्षी त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत मांडली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

रेषीय नियोजन म्हणजे काय, ते विजेच्याच भाषेत बघू. राज्यात अनेक केंद्रं आहेत. प्रत्येकाची वीज वेगळ्या भावाची. प्रत्येकाला किमान आणि कमाल मर्यादा. लाइनवरून ठरावीकच वीज जाऊ शकते. सगळ्यांची बेरीज मागणीएवढी यायला हवी. आणि एकूण खर्च कमीत कमी. या सगळ्या अटींचा तक्ता म्हणजे एक मॅट्रिक्स, ए.

जुनी सिम्प्लेक्स पद्धत अटींनी बनलेल्या आकृतीच्या कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्याने चालते. करमरकर आतून गेले. पण प्रत्येक पावलाला एक हिशेब द्यावा लागतो: ए, मग कर्णावरच आकडे असलेली एक मॅट्रिक्स, मग आडवीउभी केलेली ए, असा तिहेरी गुणाकार करायचा आणि त्यातून एक समीकरणसंच सोडवायचा. मधली मॅट्रिक्स दर पावलाला बदलते, म्हणून गुणाकारही दर वेळी नव्याने.

कागदावर पद्धत सुंदर आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये ती चालते की रांगते हे या एका गुणाकारावर ठरतं. मधली मॅट्रिक्स पूर्ण चौकोन म्हणून साठवली तर आपण शून्यांना गुणत बसतो. आणि ए स्वतःही बहुतेक शून्यांनीच भरलेली असते. वीज क्षेत्रातल्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं. समजा जाळ्यात पाच हजार उपकेंद्रं आहेत. पूर्ण तक्त्याचे खाने अडीच कोटी. पण एक उपकेंद्र जोडलेलं असतं तीन-चार शेजाऱ्यांशी, म्हणजे शून्य नसलेले खाने वीस-पंचवीस हजार. अमेरिकेतल्या बॉनव्हिल वीज संस्थेतल्या विल्यम टिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच दाखवून दिलं होतं की शून्यं साठवायची नाहीत आणि समीकरणं सोडवण्याचा क्रम हुशारीने लावायचा. त्यावर आजही वीजप्रवाहाचा हिशेब चालतो.

एटी अँड टीने करमरकरांच्या रीतीवर पेटंट घेतलं. ते १९८८ मध्ये मंजूर झालं, आणि गणिताच्या रीतीवर मालकी असू शकते का यावर मोठा वाद झाला. पेटंटची मुदत कधीच संपली. आतून जाणाऱ्या पद्धती मात्र आज रेषीय नियोजनाच्या प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

आणि एकलहरे

महाराष्ट्रात कोणत्या केंद्राने किती वीज करायची याचा कारभार ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतो. तिथे मेरिट ऑर्डर लागते: ज्याची इंधनाची किंमत कमी तो आधी. ही यादी लावायला मॅट्रिक्स लागत नाही, नुसता चढता क्रम पुरतो. पण ती वीज लाइनवरून खरोखर जाईल का, कुठे ताण येईल का, हे तपासायला लागतो तो वर सांगितलेला वीजप्रवाहाचा हिशेब. राष्ट्रीय पातळीवर तर एप्रिल २०१९ पासून आंतरराज्य केंद्रांसाठी सगळ्या अटी एकत्र मांडून कमीत कमी खर्चाचं उत्तर काढलं जातं. ते सरळ सरळ रेषीय नियोजनच.

आमचं केंद्र त्या यादीत खाली पडतं. खाण लांब, रेल्वेचं भाडं जास्त, म्हणून वीज महाग. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर खाणींजवळ आहेत. मागणी कमी झाली की आमच्याकडचा संच आधी खाली येतो किंवा बंद राहतो. थोडक्यात, सॉफ्टवेअरमध्ये लागू होतं तेच इथेही लागू होतं: माल लांबून आणावा लागला की भट्टी कितीही चांगली असो, हिशेबात हरते.

संच बंद असला की नुसती चिमणी शांत नसते. कंत्राटी कामगारांच्या हजेऱ्या कमी होतात, चहाच्या टपऱ्या दुपारीच आवरल्या जातात, वसाहतीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही जाड होते. १९७० च्या सुमाराचे पहिले दोन संच बंद झाले, त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच यावा, ही मागणी मी शाळेपासून ऐकतोय.

मी हिशेबाला शिव्या देणार नाही. महाग वीज शेवटी तुमच्या-माझ्याच बिलात येते, आणि कोळसा कमी जळला तर नाशिकची हवाही सुधारते. पण किराण्याची गोष्ट आठवा. गुणाकाराला तेवढंच कळतं जेवढं दोन तक्त्यांत लिहिलंय. यादीत चार जिनसा असतील तर पाचव्या जिनसेचं बिल येत नाही. कोळशाच्या भाड्याला या हिशेबात स्तंभ आहे. टपरीला नाही, कंत्राटी हजेरीला नाही. तो असावा की नसावा हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि तो माणसांनीच सोडवायचा. सॉफ्टवेअर तो सोडवत नाही, पण सोडवल्यासारखं दाखवू शकतं. उत्तर अचूक आलं म्हणून प्रश्न पूर्ण मांडला होता असं होत नाही.

म्हणून मला वाटतं, हा गुणाकार आपल्या गावातल्या पोरांना आतून कळायला हवा. त्यासाठी महागड्या लायसन्सची गरज नाही. ऑक्टेव्ह आणि सायलॅब मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने अनेक इंजिनिअरिंग पुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवून खुली ठेवली आहेत, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही शिकता येतं. पाच उपकेंद्रांचं छोटं जाळं कागदावर काढा, त्याचा तक्ता भरा, व्होल्टेजच्या स्तंभाशी गुणा. उपकेंद्रात शिरणारा प्रवाह हातात येतो. ग्रामसभेत किंवा सुनावणीत कोणी म्हणालं की कॉम्प्युटरने असं सांगितलंय, तर आपल्याला निदान विचारता येईल: ओळी कुठल्या घेतल्या, स्तंभ कुठले, आणि भाव कोणी भरले?

जाता जाता एक. आज जगात मॅट्रिक्सचे सर्वात जास्त गुणाकार होत असतील ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्यांना वीज लागते ती ढिगाने. त्याच ऐरोलीच्या परिसरात, जिथून आमच्या संचाला आज किती चालायचं ते कळवलं जातं, अशी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. वीज कोणी करायची ते ठरवण्यात हा गुणाकार असतो, आणि झालेली वीज खाण्यातही आता तोच असतो.

आजच्यापुरतं एवढंच. तीन लूपचा प्रयोग घरी नक्की करून बघा. मग लूपचा क्रम बदलून पुन्हा वेळ मोजा, सहाही प्रकारे. आकडे मला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू.